तारेवरचं लुगडं

घर बदलायची वेळ आली की बायको म्हणते, "सामान कमी करा." मी कमी करतो. जुनी पुस्तकं, मोडका स्टोव्ह, अशिलांनी विसरलेल्या छत्र्या, सगळं जातं. किस्से मात्र कमी होत नाहीत. त्यांना ट्रंकेत भरावं लागत नाही, आणि हाकलूनही ते जात नाहीत. बैलगाडीमागे पाळलेलं कुत्रं चालावं तसे ते आपोआप नव्या घरी येऊन बसतात.

माझ्याजवळचे बहुतेक किस्से घरांचेच. मी वकील, तोही घरमालक आणि भाडेकरू यांच्या भानगडींचा, आणि स्वतः जन्माचा भाडेकरू! चिमूरहून चंद्रपूर, तिथे या गल्लीतून त्या गल्लीत, आणि जिल्हा वेगळा झाल्यावर गडचिरोली. तुमचं बूड एका जागी टिकत नाही, असं बायको म्हणते. टिकेल कसं? खिळा ठोकायचा तर मालकाला विचारा, पाहुणा आला तर मालकाला दाखवा. मी तर कॅलेंडरसुद्धा भिंतीला टेकवून ठेवायचो.

त्या दिवसांत अख्खं गडचिरोलीच असं होतं. नवा जिल्हा, नव्या कचेऱ्या, रोज एसटीतून उतरणारे नवे कारकून, मास्तर, इंजिनीअर. गावात घरं मोजकी. कोणी शाळेच्या खोलीत झोपायचं, कोणी कचेरीतल्या टेबलावर. कोणाचीच पेटी नीट उघडलेली नव्हती.

कायद्याचं दोन वाक्यांत सांगतो, म्हणजे पुढे अडायला नको. आमच्या विदर्भात तेव्हा भाडे नियंत्रणाच्या साहेबांची परवानगी घेतल्याशिवाय मालकाला भाडेकरूला साधी नोटीसही देता येत नसे. आणि घर रिकामं झालं तर मालकानं ते कचेरीला कळवायचं, मग साहेब ते घर एखाद्या सरकारी नोकराला देऊ शकत. पहिल्या नियमानं मालक चिडत. दुसऱ्यानं त्यांची झोप उडे. घर आपलं, भिंती आपल्या, आणि आत कोण राहणार हे कचेरीनं ठरवायचं! म्हणून गावात एकही घर कधी रिकामं होत नसे. निदान दिसत तरी नसे.

*

सुरुवात निमगडे सिस्टरपासून करावी लागेल, कारण बाकीचे किस्से फिरून फिरून तिच्याच दाराशी येतात.

सिस्टर दवाखान्यात नव्यानं आली होती. ड्यूटी संपली की घर शोधत फिरायची. मालक आधी हसून बोलायचे, चहाही विचारायचे. मग प्रश्न यायचा, "आडनाव काय म्हनलं?" आडनाव सांगितलं की घर नेमकं कालच कोणाला तरी दिलेलं असायचं. मीही रामटेके, त्यामुळे तो प्रश्न माझ्या ओळखीचा होता. मला घर मिळालं ते दोस्तानं मालकाला फक्त "वकीलसाहेब" एवढंच सांगितलं म्हणून. त्या प्रश्नाचा मला तेव्हा राग यायचा. आजही येतो, आणि वयामुळे तो काही कमी झालेला नाही.

सिस्टर माझ्याकडे आली तेव्हा दवाखान्याच्या स्टोअररूममध्ये सलाईनच्या खोक्यांशेजारी झोपत होती. म्हणाली, "माह्यं काही नाई जी, मी कुठीबी झोपीन. पन गावाकडं आई एकटी हाय. तिले दिसत नाई बराबर. तिले इथी आनायचं हाय, आन् स्टोअरमधी कुठी झोपवू?"

महादेवभाऊंचं घर मला माहीत होतं. आडनाव सांगत नाही, त्यांचा नातू आता मोठा माणूस आहे. एकाच आवारात दोन घरं, मधे विहीर. एका घरात ते, त्यांची बायको पार्बताबाई, मुलगा आणि सून. दुसऱ्या घरातला फॉरेस्टचा माणूस बदलून गेलेला. मी सिस्टरचा अर्ज लिहिला. साहेबांनी चौकशीला शिपाई पाठवला.

शिपाई म्हणजे मडावी. धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावचा, कमी बोलणारा. पहिल्या दिवशी तो सांगत आला, "घर भरलेलं हाय साहेब. तारेवर हिरवं लुगडं वाळून राह्यलं." महादेवभाऊंनीही लिहून दिलं, की घरात माझी मावस बहीण राहते.

साहेब पुण्याकडचे, कागदावर विश्वास ठेवणारे. प्रकरण तिथेच संपायचं. पण मडावीची घरी जायची वाटच तिकडून. काही दिवसांनी तो आपणहून साहेबांपुढे उभा राहिला.

"साहेब, त्या बाईकडं एकच लुगडं हाय."

"असेल. गरीब असेल बिचारी."

"तसं नाई जी. सकाळी जातो तं थे तारेवर. संध्याकाळी येतो तं तारेवर. पानी आलं तरी तारेवरच."

"मग?"

मडावी जरा अवघडला. "मंग साहेब, थे बाई आत कायच्यात हाय?"

साहेब त्याच दिवशी जातीनं गेले. आत बाई नव्हती. चूल थंड, कोपऱ्यात कांद्याची पोती. हिरवं लुगडं पार्बताबाईंचं होतं, आणि उन्हानं त्याचा रंग एका बाजूनं पार उडाला होता.

सिस्टरला घर मिळालं. पुढच्या आठवड्यात ती आईला घेऊन आली.

*

इथे थोडं थांबून कचेरीची गंमत सांगतो, नाहीतर ती राहून जाईल.

ज्या कचेरीत घरं खाली करण्याचे खटले चालत, ती कचेरी स्वतःच भाड्याच्या घरात होती. कौलारू घर, पुढे ओसरी, अंगणात चिंच. मालक ब्रह्मपुरीचे. त्यांना घर परत हवं झालं. पण परवानगी मागायची कोणाकडे? साहेबांकडेच! त्यांनी मला वकील केलं आणि मी अर्ज ठोकला.

तारखेच्या दिवशी मडावीनं रिवाजाप्रमाणे ओसरीवर येऊन पुकारा केला, "अर्जदार हाजिर हाय?" मालक पुढे झाले. मग, "गैरअर्जदार हाजिर हाय?" अंगणात सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मडावीनं पुन्हा पुकारलं.

आतून साहेबांचा आवाज आला, "हजर आहे."

मी बाजू मांडायला उभा राहिलो. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गैरअर्जदाराला उत्तर देण्यासाठी मुदत हवी आहे. त्याला आधी वकील नेमावा लागेल." मग चष्मा काढून त्यांनी मला विचारलं, "या गावात घराच्या कामातला चांगला वकील कोण, रामटेके?"

मी म्हणालो, "साहेब, मी तर समोरून आहे."

"तेच तर," साहेब म्हणाले, आणि पुढची तारीख दिली.

*

इकडे महादेवभाऊ स्वस्थ बसणारे नव्हते. घर हातचं गेलं, तेही आपल्याच बायकोच्या लुगड्यामुळे, हे त्यांच्या मनातून जाईना. नोटीस देता येत नाही, मग सिस्टरनं आपण होऊन जावं म्हणून काय करता येईल, याचा त्यांनी कसून अभ्यास सुरू केला.

एके दिवशी सिस्टर डब्यात पाणी घेऊन कचेरीसमोरून जाताना दिसली. दवाखान्याच्या नळाचं पाणी. आवारातल्या विहिरीचं काय झालं, असं विचारलं तर नुसतं "जाऊ द्या ना जी" म्हणाली. मी जाऊ देणारा नाही. भाडेकरूचं पाणी तोडणं हा गुन्हा आहे. मी दुपारीच अर्ज दिला.

साहेबांपुढे महादेवभाऊ अगदी शांत. "विहीर बंद केली काय मी? विहीर तिथीच हाय. पानीबी तितकंच हाय."

"मग त्या पाणी का भरत नाहीत?"

"दोर नेला साहेब. दोर माहा हाय."

"दोर कशाला नेला?"

"म्हैस बांधाले. म्हशीले दोर लागते ना जी."

अंगणात हसू फुटलं. मला हसू आलं नाही. सिस्टरची आई विहिरीपासून दहा पावलांवर बसून लेक दवाखान्यातून पाणी आणील याची वाट पाहत असे, हे मी पाहिलं होतं. तो दोर म्हशीसाठी नव्हता, हे त्या अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

साहेबांनी हुकूम दिला, उद्या सकाळी विहिरीवर दोर दिसला पाहिजे. महादेवभाऊ मान हलवून गेले. पाळतील की नाही या काळजीनं मी सकाळी चहा अर्धा टाकून निघालो, पण त्यांच्या घरापर्यंत जायची गरजच पडली नाही.

म्हैस कचेरीच्या अंगणात मोकळी फिरत होती.

दोर पार्बताबाईंनी म्हशीच्या गळ्यातून सोडून विहिरीवर लावला होता, हे मला मागाहून कळलं. नवऱ्याला त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "म्हातारी मानूस तहानली बसते आपल्या दारात. मले पाहवत नाई."

*

आता हा बाजारातल्या दुकानाचा. छोटासा आहे, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

राजन्ना सिरोंच्याकडचा, त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. मालकाची तक्रार अशी, की राजन्नानं परवानगीवाचून दुकानाचा एक कोपरा न्हाव्याला भाड्यानं दिला. भाडेकरूनं परस्पर पोटभाडेकरू ठेवला तर मालकाला दुकान खाली करून मागता येतं. राजन्ना म्हणे, "न्हावी कहां का? वो तो मेहमान है. आला, बसला."

मी राजन्नाचा वकील. पाहुण्यासमोर आरसा आणि खुर्ची कशी, हे मी त्याला विचारलं नाही. काही प्रश्न वकिलानं विचारायचे नसतात.

शेवटी साहेब म्हणाले, जागेवर जाऊन पाहू. आम्ही सगळे बाजारात गेलो. साहेब दुकानात शिरताच न्हाव्यानं उठून खुर्ची झटकली, खांद्यावरचा पंचा काढला आणि आपुलकीनं म्हणाला, "या साहेब. आज उशीर केला? मी म्हनलं, साहेब सुट्टीवर गेले काय."

साहेबांची दाढी खरंच वाढलेली होती.

मालकाचा वकील नम्रपणे म्हणाला, "साहेब, मला एक साक्षीदार तपासायचा आहे. पण त्याला समन्स कोण काढणार?"

*

पावसाळ्याआधी आमच्याकडे कवेलू फेरावे लागतात. छपरावरची सगळी कौलं काढायची, फुटकी टाकायची, पुन्हा नीट रचायची. एक वर्ष चुकलं की घरात परातींची रांग. हे काम मालकाचं. महादेवभाऊंनी ना आपलं छप्पर धरलं, ना सिस्टरचं. त्यांचं म्हणणं, म्हातारी अंगणात वानरांना भाकर टाकते, वानरं छपरावर नाचतात, कवेलू फुटतात, मग मी का भरून देऊ?

म्हातारी सुनावणीला आली होती. सिस्टरचा हात धरून बसली. साहेबांनी विचारलं, "आजी, वानरांना भाकर टाकता का?"

"टाकतो ना बाबू."

"का टाकता?"

"थेच येतेत. दुसरं कोन येते आमच्या दाराशी?"

साहेबांनी लिहायचं थांबवलं. महादेवभाऊ छताकडे बघू लागले. मग साहेबांनी तोंडी हुकूम सांगितला, की मालकानं भाडेकरूचं छप्पर आठ दिवसांत फेरून द्यावं, आणि आजींनी यापुढे भाकर मालकाच्या घरापुढे टाकावी.

महादेवभाऊंनी चिडून सिस्टरचं छप्पर असं पक्कं फेरलं, की पुन्हा कोणी बोट दाखवायला नको. कवेलू सगळे त्यातच संपले. स्वतःच्या छपराला उरले नाहीत. पुढच्या वर्षी पाहू, म्हणाले.

*

त्या वर्षी आषाढात पाऊस असा लागला की मधल्या नाल्यावरून पाणी गेलं आणि महादेवभाऊंच्या वस्तीचा गावाशी संबंध तुटला. त्यांच्या सुनेचे दिवस भरले होते. भर दुपारी तिला कळा सुरू झाल्या. दवाखाना पलीकडे. घरात जिथे बाज टाकावी तिथे गळत होतं.

सिस्टर त्या दिवशी घरीच अडकलेली. पार्बताबाई धावत तिच्याकडे गेल्या. सिस्टर येऊन छप्पर बघून म्हणाली, "इथी नाई होनार. माह्या घरी उचला." महादेवभाऊंनी आणि मुलानं सुनेला बाजेसकट उचललं आणि पावसातून त्या घरात नेलं, ज्याचा उंबरा सिस्टर राहायला आल्यापासून महादेवभाऊंनी ओलांडला नव्हता. आत टिपूस गळत नव्हता. म्हातारीनं चाचपडत चुलीवर पाणी ठेवलं. संध्याकाळच्या आत नातू झाला.

गोष्ट इथे संपली असती तर तुम्ही म्हणाल, वा! पण माणूस इतका सोपा नसतो. पावसाळा सरला आणि महादेवभाऊंचा अर्ज आला, की भाडेकरूला काढण्याची परवानगी मिळावी. कारण, कुटुंब वाढल्यानं स्वतःला घराची गरज आहे. कायद्यानं हे कारण अगदी रास्त. मी अर्ज वाचून टेबलावर आपटला. पक्का खटला होता, आणि मला हरायची भीती वाटत होती. सिस्टरला पुन्हा ते आडनावाचे उंबरे झिजवावे लागणार, तेही नीट न दिसणाऱ्या आईला घेऊन.

सुनावणीला अंगण भरलं. पार्बताबाई मागे नातवाला घेऊन बसल्या होत्या. मी उलटतपासणीला उभा राहिलो.

"महादेवभाऊ, कुटुंबात कोण वाढलं?"

"नातू झाला."

"अभिनंदन. कुठे झाला?"

महादेवभाऊंनी टोपी काढून हातात घेतली.

"दवाखान्यात?"

"नाई."

"तुमच्या घरी?"

"माह्याच घरी ना जी. घर तं माह्यंच हाय दोन्ही."

"बाळंतपण कोणी केलं?"

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या सिस्टरनं."

मी पुढचा प्रश्न जुळवत होतो, तेवढ्यात मागून पार्बताबाई उभ्या राहिल्या. कोर्टात बोलायची त्यांची पहिलीच वेळ. "साहेब, हा पोट्टा रडला नव्हता जलमला तवा. निळा पडला होता. तिनं तोंडानं फुंकर घालून रडवला. आमचं घर वाढलं म्हन्ते हे. वाढवलं तिनं! आन् तिलेच काढून राह्यले."

पोरगं नेमकं तेव्हाच मोठ्यानं रडू लागलं. साहेबांनी महादेवभाऊंना विचारलं, "काय करायचं?"

महादेवभाऊंनी हातातली टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. मग म्हणाले, "अर्ज परत द्या. कवेलू फेरतो मी माह्या घराचे."

*

आणि हा शेवटचा.

दोन पावसाळे गेले. म्हातारीची भाकर आता महादेवभाऊंच्या ओसरीवरच मिळायची, वानरांना आणि नातवाला दोघांनाही. आणि सिस्टरची बदली झाली. सिरोंच्याला. सगळ्यात लांबचं टोक, भाषासुद्धा तेलुगू. आम्ही इतकी वर्षं मालकाशी भांडलो आणि घर खाली केलं ते सरकारी हुकमानं. मी चिडून रात्रंदिवस येरझाऱ्या घातल्या. आईच्या डोळ्यांचं कारण दाखवून बदली रद्द करण्याचा अर्ज केला, पण अर्जाला वेळ लागणार होता, आणि तोवर जावं तर लागणारच होतं.

एसटी सुटताना पार्बताबाई सिस्टरला म्हणाल्या, "तुह्यं एक लुगडं ठेवून जा. आन् आईचंबी एक." मला वाटलं, आठवणीसाठी.

घर रिकामं झाल्याची कुणकुण लगेच लागली. नवे एक इंजिनीअर कुटुंबासह लॉजमध्ये अडकले होते, त्यांनी अर्ज दिला. कागद बिनचूक होता. एकदा घर दुसऱ्याला गेलं की सिस्टरची बदली रद्द होऊन तरी काय उपयोग? मी कचेरीच्या ओसरीवर बसून होतो. उठत होतो, पुन्हा बसत होतो. साहेबांनी मडावीला चौकशीला पाठवलं.

मडावी परत आला. "घर भरलेलं हाय साहेब."

साहेबांनी चष्मा काढला. "कशावरून?"

"तारेवर लुगडं वाळून राह्यलं."

"तेच हिरवं?"

"नाई जी. पांढरं. सिस्टरायचं असते तसं."

"मडावी, एकच लुगडं?"

"या पाळीले दोन हायत साहेब. एक दिवस पांढरं, एक दिवस म्हातारीचं. संध्याकाळी बराबर आत नेतेत, पानी आलं तरी काढतेत. मी चार रोज पाहून राह्यलो."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मी चिंचेकडे बघत राहिलो. मग त्यांनी इंजिनीअरच्या अर्जावर काहीतरी लिहिलं आणि मडावीला चहा आणायला सांगितलं.

मी सायकल काढली आणि तडक त्या आवारात गेलो. महादेवभाऊ विहिरीवर होते. त्याच दोरानं पाणी शेंदून त्यांनी बादली भरली, पांढरं लुगडं दोनदा खळबळून पिळलं, तारेवर टाकलं आणि दोन्ही काठ ओढून सरळ केले. मग हात धोतराला पुसत त्यांनी मला विचारलं,

"वकीलसाहेब, सिरोंच्याच्या अर्जाचं काय झालं?"